लाल कार्डामागचं कारण

बेळगावच्या मैदानावर फुटबॉलची इंग्रजी कुणाला शिकवावी लागत नाही. 'हँड!', 'फाऊल!', 'ऑफसाइड!' अशी ओरड मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी बोलणारी पोरं एका सुरात करतात. ब्रिटिशांची छावणी, कॅम्पातलं १८५६ सालचं सेंट पॉल्स हायस्कूल, १९२२ पासूनचं मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र, वर फुटबॉलवेडे गोवा आणि कोल्हापूर हाकेच्या अंतरावर. खेळ इथे मुरणारच होता. गाडी अडते ती परीक्षेच्या उताऱ्यात हेच शब्द राजकारणाला किंवा ऑफिसच्या कारभाराला लावलेले दिसले की.

१८६३ साली लंडनच्या फुटबॉल असोसिएशनने नियम लिहिले, तेव्हा गोल म्हणजे आठ यार्डांवर रोवलेले नुसते दोन खांब. वर आडवी दांडीही नव्हती. जाळी आणि पेनल्टी दोन्ही १८९१ च्या. 'मूव्ह द गोलपोस्ट्स' गल्लीत खेळलेल्याला समजावायला नको: खांब म्हणून ठेवलेली चप्पल गोलकीपर अंगठ्याने हळूच आत सरकवतो. काम होत आल्यावर अटी बदलणाऱ्या साहेबाबद्दल इंग्रज हेच म्हणतो. 'ओन गोल' म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. 'हॅटट्रिक' मात्र क्रिकेटची उसनवारी; १८५८ साली शेफिल्डला एच. एच. स्टीफन्सनने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले आणि वर्गणी काढून त्याला टोपी देण्यात आली.

सगळ्यात रंजक जन्मकथा कार्डांची. २३ जुलै १९६६, वेम्बली, विश्वचषकाचा इंग्लंड-अर्जेंटिना सामना. जर्मन रेफ्री क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रॅटिनला बाहेर काढलं. यांना स्पॅनिश येईना, त्याला जर्मन. गडी हलायला तयार नाही, खेळ खोळंबला. आपल्याला ताकीद मिळाली की नाही, हे इंग्लंडच्या जॅक चार्लटनलाही नक्की कळलं नव्हतं. रेफ्रींची व्यवस्था पाहणारे केन अ‍ॅस्टन, पेशाने शिक्षक, गाडीने परतताना केन्सिंग्टन हाय स्ट्रीटच्या सिग्नलला थांबले. पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे थांब; यात भाषा लागतेच कुठे? १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डं आली: पिवळं ताकिदीचं, लाल बाहेर काढण्याचं. त्या स्पर्धेत लाल निघालंच नाही. विश्वचषकात ते पहिल्यांदा पाहिलं चिलीच्या कार्लोस कास्झेलीने, १९७४ साली.

भाषेवाचून काम भागावं म्हणून काढलेलं हे कार्ड पुढे इंग्रजीतच वाक्प्रचार होऊन बसलं, ही गंमतच. एखाद्या योजनेला 'रेड कार्ड' दाखवलं असं मथळ्यात आलं, तर ती साफ फेटाळली असं समजावं. 'यलो कार्ड' असेल तर अजून धुगधुगी आहे.