युजेबिलिटी मॅनेजर मंडळींचं नेटवर्किंग आणि सामायिक संशोधन

प्रॉडक्ट डिझाइन आणि युजेबिलिटीच्या, म्हणजे प्रॉडक्ट वापरायला किती सोपं आहे हे बघणाऱ्या, टीम चालवणारे मॅनेजर वेगवेगळ्या, बऱ्याचदा एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांत असले तरी आपापसात ओळखी ठेवतात, कामाच्या पद्धती आणि जमेल तितके आकडे एकमेकांना दाखवतात आणि कधीकधी सगळे मिळून एकच अभ्यास करतात, त्या प्रकाराबद्दल ही नोंद आहे. यात गप्पा आणि चहाचा भाग मोठा आहे हे खरं, पण युजेबिलिटी टेस्टिंग, म्हणजे लोकांना प्रॉडक्ट वापरायला देऊन ते कुठे अडतात ते बघणं, किती भरवशाचं आहे याबद्दल आज जे पक्कं माहीत आहे ते बहुतेक या देवाणघेवाणीतूनच आलंय. एकट्या कंपनीच्या लॅबमध्ये बसून ते कळणं शक्यच नव्हतं.

मुळात युजेबिलिटी मॅनेजर कंपनीत एकटा पडतो. इंजिनिअरिंग मॅनेजरला अडलं तर शेजारी आणखी चार इंजिनिअरिंग मॅनेजर असतात, युजेबिलिटीवाल्याला मात्र टेस्टसाठी लोक कुठून आणायचे, त्यांना मानधन किती द्यायचं, एका रिसर्चरकडे किती प्रॉडक्ट द्यायची, टीम मार्केटिंगखाली बरी की इंजिनिअरिंगखाली, असे प्रश्न विचारायला ऑफिसात कोणीच नसतं, मग तो बाहेर बघतो.

या बाहेरच्या जाळ्याची सुरुवात अमेरिकेत झाली. एसीएम या संगणक व्यावसायिकांच्या संघटनेत १९८२ साली माणूस आणि संगणक यांच्यातल्या व्यवहाराचा अभ्यास करणारा सिगकाय हा गट तयार झाला, पण तो संशोधकांकडे जास्त झुकलेला. कंपनीत रोजचं काम करणाऱ्यांसाठी १९९१ मध्ये युजेबिलिटी प्रोफेशनल्स असोसिएशन निघाली, तीच २०१२ पासून यूएक्सपीए. दर नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी साजरा होणारा जागतिक युजेबिलिटी दिवस याच संघटनेने २००५ मध्ये सुरू केला. स्थानिक गटांमध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या बेकायचं नाव घ्यावंच लागतं, पालो अल्टोच्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात त्यांच्या मासिक सभा व्हायच्या आणि तिथे एरवी एकमेकांचे ग्राहक पळवणाऱ्या कंपन्यांची माणसं एकाच हॉलमध्ये बसायची.

आता खरा मुद्दा, सामायिक संशोधन. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे डेन्मार्कचे रोल्फ मोलिक यांनी चालवलेली तुलनात्मक चाचण्यांची मालिका, ती क्यू (कम्पॅरेटिव्ह युजेबिलिटी इव्हॅल्युएशन) या नावाने ओळखली जाते. मोलिक म्हणजे १९९० मध्ये जेकब नील्सन यांच्यासोबत ह्युरिस्टिक इव्हॅल्युएशनची, म्हणजे ठरावीक तत्त्वांवर तज्ज्ञांनी प्रॉडक्ट तपासण्याची, पद्धत मांडणारे. कल्पना साधी पण धाडसाची: एकच वेबसाइट अनेक टीमना द्यायची, एकमेकांशी न बोलता प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या पद्धतीने तपासायची, रिपोर्ट द्यायचा आणि मग सगळे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बघायचं. टीमची नावं न छापता ए, बी, सी अशी अक्षरं द्यायची, म्हणजे कोणाची बाजारात नाचक्की नको.

दुसऱ्या फेरीत, १९९८ च्या अखेरीस, नऊ टीमनी हॉटमेल ही ईमेलची वेबसाइट तपासली. मिळून ३१० वेगवेगळ्या अडचणी सापडल्या, त्यातल्या ७५ टक्के अशा होत्या की त्या फक्त एकाच टीमला दिसल्या होत्या, आणि नऊच्या नऊ टीमना सापडली अशी अडचण एकही नव्हती. हे निकाल बाहेर आले तेव्हा अनेकांची झोप उडाली असणार, कारण तोवर प्रत्येक मॅनेजर आपल्या डायरेक्टरला हेच सांगत होता की आमच्या टेस्टने प्रॉडक्टमधल्या मोठ्या अडचणी पकडल्यात.

लोक म्हणाले की टीम कच्च्या असतील. मग २००३ मध्ये चौथ्या फेरीत १७ टीम घेतल्या, अनुभवी लोकांच्या, आणि न्यूयॉर्कच्या हॉटेल पेनसिल्व्हेनियाची वेबसाइट दिली, रूम बुकिंगचा भाग फ्लॅश या तेव्हाच्या तंत्रात केलेला. नऊ टीमनी युजर बसवून टेस्ट केली, आठ टीमनी युजर न घेता तज्ज्ञांच्या नजरेने तपासणी केली. ३४० मुद्दे निघाले आणि त्यातले २०५ एकेका टीमचेच. शिवाय तज्ज्ञ तपासणीवाले टेस्टवाल्यांपेक्षा काही मागे पडले नाहीत, ही गोष्ट टेस्टिंग लॅबवर पैसे खर्च करणाऱ्या मॅनेजरांना पचायला जडच गेली असेल.

पुढे नवव्या फेरीत १९ जाणकारांना यू-हॉल या गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या साइटवरच्या टेस्टचे व्हिडिओ दिले, म्हणजे युजर कोण आणि टास्क काय हा फरकच काढून टाकला, तरी तेच व्हिडिओ बघून लोकांनी वेगवेगळ्या अडचणी लिहिल्या. तपासणारा बदलला की निष्कर्ष बदलतो, याला इव्हॅल्युएटर इफेक्ट म्हणतात. पाच युजर बसवले की ८५ टक्के अडचणी सापडतात, हे नील्सन यांचं २००० सालचं म्हणणं आजही प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये असतं, पण मोठ्या वेबसाइटसाठी ते तसंच्या तसं धरू नये हे क्यूच्या आकड्यांवरून स्पष्ट दिसतं. मोलिक यांनी टीमचे मूळ रिपोर्टही सगळ्यांसाठी डाउनलोडला ठेवले. नवीन माणसाला रिपोर्ट लिहायला शिकवायचं असेल तर एकाच साइटवरचे इतके रिपोर्ट एकत्र मिळणं ही चैनच आहे, माझ्या मते कुठल्याही कोर्सपेक्षा ते वाचणं जास्त उपयोगी.

दुसरा प्रकार म्हणजे सगळ्यांनी मिळून मोजमाप ठरवणं. १९९७ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेने सॉफ्टवेअर विकणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या कंपन्यांना एकत्र बसवलं. घेणाऱ्यांचं म्हणणं होतं की सॉफ्टवेअर वापरायला अवघड निघालं तर ट्रेनिंगचा खर्च आमच्या बोकांडी बसतो, तेव्हा खरेदीआधीच टेस्टचे आकडे द्या. त्यातून रिपोर्टचा एक समान नमुना तयार झाला, २००१ मध्ये तो अमेरिकन मानक आणि २००६ मध्ये आयएसओ २५०६२ हे आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्या नमुन्यात अडचणींची यादी द्यायची नव्हती, किती जणांनी टास्क पूर्ण केला, किती वेळ लागला आणि समाधान किती एवढंच, त्यामुळे कंपनीला आपलं अंतर्गत बिंग न फोडता आकडे देता आले.

प्रॉडक्ट वापरायला किती सोपं वाटलं हे युजरला विचारणाऱ्या एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) या दहा प्रश्नांच्या प्रश्नावलीचं यशही असंच सामायिकपणाचं. जॉन ब्रूक यांनी ती १९८६ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या इंग्लंडमधल्या ऑफिसात केली आणि सगळ्यांना फुकट वापरू दिली. वापरणारे वाढत गेले, आकडे जमत गेले, आणि आता सरासरी स्कोअर शंभरपैकी साधारण ६८ धरला जातो, म्हणून आपल्या ॲपला ५५ मिळाले तर काळजी करायची हे पुण्यातल्या टीमलाही कळतं.

अशा गटांत बोलण्याचे काही नियम पाळले जातात. लंडनच्या चॅटम हाउस या आंतरराष्ट्रीय विषयांच्या अभ्याससंस्थेचा १९२७ चा नियम बऱ्याच ठिकाणी चालतो: ऐकलेलं वापरा, पण कोण बोललं आणि कुठल्या कंपनीचा ते बाहेर सांगू नका. बाजारात न आलेली प्रॉडक्ट, किंमती, ग्राहकांची नावं यावर बोलायचंच नाही. टेस्टचे व्हिडिओ दाखवणं तर आणखी नाजूक, कारण युजरने संमती दिलेली असते ती एका कंपनीला, एका कामासाठी. भारतात २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याचाही रोख तोच आहे. त्यामुळे पद्धत आणि बेरजेचे आकडे वाटायचे, माणसांचे चेहरे आणि आवाज नाही.

आपल्याकडे या जाळ्याचं मोठं केंद्र पवईला आहे, आयआयटी मुंबईचं १९६९ मध्ये सुरू झालेलं आयडीसी, म्हणजे डिझाइन शिकवणारा विभाग. तिथले विद्यार्थी पुढे देशभरच्या कंपन्यांत डिझाइनच्या टीम चालवतात आणि जुन्या ओळखीवर एकमेकांना फोन लावतात, निम्मं नेटवर्किंग तेच. २०१७ मध्ये माणूस-संगणक व्यवहारावरची इंटरॅक्ट ही आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली तीही आयडीसीच्याच पुढाकाराने. तिथे प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने स्वरचक्र हा भारतीय भाषांचा कीबोर्ड केला, फुकट दिला, आणि मराठीत टाइप करणाऱ्यांवर वेगवेगळ्या कीबोर्डचे दीर्घकाळ चाललेले तुलनात्मक अभ्यास करून निकाल जाहीर केले. मराठीतून फॉर्म भरून घेणाऱ्या बँकेच्या किंवा सरकारी ॲपच्या टीमने पहिल्यापासून सगळं मोजत बसण्याऐवजी आधी हे निकाल वाचावेत, ते सगळ्यांसाठीच आहेत.