सौर पंप वेगळा, सौर फिडर वेगळा

"गावात सौर आलं" असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, वावरात आलं की सबस्टेशनवर? निम्म्या वेळा उत्तर मिळत नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारचे काकाजी हरभऱ्याचं ओलीत अर्धवट सोडून तालुक्याला गेले. "माह्या नावाच्या प्लेटा कुठी अटकल्या?" एवढंच त्यांना विचारायचं होतं. त्यांच्या फिडरचं, म्हणजे सबस्टेशनवरून शेतीपंपांना वीज नेणाऱ्या लाइनचं, सौरीकरण झालं होतं, म्हणून त्यांच्या नावावर प्लेटा (सौर पॅनेल) येणारच नव्हत्या. पण हे त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. दिवस गेला, भाडं गेलं. त्यात त्यांची चूक नाही. केंद्राच्या २०१९ च्या 'पीएम-कुसुम'मध्येच दोन्ही गोष्टी एका छत्राखाली आहेत: घटक ब म्हणजे सुटा सौर पंप, घटक क मध्ये फिडरचं सौरीकरण. गावापर्यंत पोचतो तो फक्त 'सौर' हा शब्द.

सुटा सौर पंप बहुतेकांनी पाहिलेला असतो. राज्याची 'मागेल त्याला सौर कृषीपंप' योजना ज्यांच्याकडे पंपाची पारंपरिक वीजजोडणी नाही त्यांच्यासाठी आहे. सर्वसाधारण गटाने किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींनी ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. प्लेटा, कंट्रोलर, मोटर सगळं आपल्या वावरात. बिल नाही, तार नाही.

फिडरचं तसं नाही. 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना' २०१७ ची. तिचे पहिले प्रयोग राळेगणसिद्धीला आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबीला झाले. २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू आहे. सबस्टेशनपासून काही किलोमीटरच्या आत सौर प्रकल्प उभा राहतो आणि त्याची वीज सबस्टेशनवर येऊन शेतीच्या फिडरला मिळते. तुमचे खांब तेच, डीपी (ट्रान्सफॉर्मर) तीच, मोटर तीच. शेतकऱ्याने एक रुपयाही भरायचा नसतो. 'सौर फिडरसाठी नाव नोंदवतो, पैसे द्या' म्हणत कुणी दारात आला तर तो लुबाडायला आला आहे असंच धरा. तुमच्यासाठी बदलते ती विजेची वेळ. आजवर मोटर चालवणारी थ्री-फेज वीज आठवड्याच्या पाळीने यायची, कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा. रानडुकरं, साप आणि चंद्रपूरकडे वाघ, अशा रात्री डिसेंबरच्या थंडीत बांधावर उभं राहून पाणी वळवलेल्या माणसाला दिवसाच्या विजेची किंमत सांगावी लागत नाही.

आता खरी गफलत. 'दोन्ही सूर्यावरच चालतात, मग आभाळ आलं की दोन्ही बंद' असं सर्रास बोललं जातं. ते चूक आहे.

सुट्या पंपामागे ग्रिड, म्हणजे राज्यभराचं वीजजाळं, नाही. ऊन जेवढं, तेवढीच मोटरची ताकद. ऊन अर्धं झालं तर पाणीही अर्धं येईल असा हिशेब लोक करतात, तोही फसवा आहे. मोटरचा वेग कमी झाला की पाणी वर चढवायची तिची ताकद त्याहून झपाट्याने घटते. उथळ विहिरीतून धार बारीक होईल, पण खोल बोअरमध्ये मोटर फिरत असूनही पाणी वर येणार नाही. आपल्याकडे हे नेमकं नडतं ऑगस्टमध्ये. पावसाचा खंड पडतो, पऱ्हाटी (कपाशी) माना टाकते, आणि आभाळ मात्र भरलेलं असतं.

फिडरवरच्या मोटरला त्या आभाळाने फरक पडत नाही. प्रकल्पाची वीज कमी पडली की उरलेली ग्रिडमधून येते, चंद्रपूरच्या किंवा कोराडीच्या कोळशाची, आणि मोटर पूर्ण दाबाने चालते. पण तुटलेल्या तारेपुढे आणि जळालेल्या डीपीपुढे हाच फिडर लाचार आहे. समोर कडक ऊन आणि प्रकल्पाच्या हजारो प्लेटा असल्या तरी सबस्टेशनचीच लाइन गेली की प्रकल्पही आपोआप बंद पडतो. तसा तो पडलाच पाहिजे, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. त्या दिवशी सुट्या पंपवाला मात्र निवांत ओलीत करतो.

म्हणून 'सौर आलं, आता लाइन जाणार नाही' असं फिडरबद्दल बोलू नका आणि 'सौर आलं, आता आठ तास पक्के' असं सुट्या पंपाबद्दल बोलू नका. बिल माफ होणं ही तर तिसरीच गोष्ट. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून मोफत वीज मिळते ती 'बळीराजा मोफत वीज योजने'मुळे. फिडर सौर असो वा नसो, त्याचा तिच्याशी संबंध नाही.

कोळसा वाचवायचा असेल तर माझा कल स्पष्टपणे फिडरकडे आहे. महावितरणच्या विजेपैकी तीस टक्क्यांच्या आसपास शेतीपंपांना लागते, त्यामुळे शेतीची वीज बदलल्याशिवाय राज्याचं हवामान धोरण पुढे सरकणार नाही. विदर्भातल्या बहुतेक वावरांत पंप चालतो तो रब्बीत आणि खरिपाच्या खंडात. एरवी, अगदी मे महिन्याच्या रणरणत्या उन्हातही, सुट्या पंपाच्या प्लेटा रिकाम्या तापत असतात आणि ती वीज कुणाच्याच कामी येत नाही. फिडरच्या प्रकल्पाची उरलेली वीज ग्रिडमध्ये जाते आणि तेवढा कोळसा खरोखर वाचतो. सुटा पंप तिथे द्यावा जिथे तार पोचलेली नाही आणि शेतकरी अजून डिझेल इंजिन ओढत आहे. तिथे त्याला तोड नाही.

वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात मात्र दोन्हींबद्दल मला धास्ती वाटते. तिथलं भूजल आधीच उपशाने खोल गेलं आहे, आणि पाणी उपसण्याचा खर्च शून्यावर आला की हात आखडता घ्यायला कारण उरत नाही.

काकाजींची मोटर आता दिवसा चालते, प्लेटांचा विषय त्यांनी सोडून दिला आहे. सध्या त्यांची तक्रार डीपीतल्या तेलाची आहे, आणि ती घेऊन ते बरोबर वायरमनकडेच जातात.