डोक्यातला फुगा

देवगडला आमची आत्या सकाळी विहिरीवर वाकली आणि “डोक्यात कायतरी फुटला गो” म्हणत तिथेच बसली. ओकारी झाली, मान आखडली. पित्त खवळलं असेल म्हणून घरच्यांनी बाम चोळून तिला निजवलं. दुसऱ्या दिवशी फोंडाघाट चढून कोल्हापूर गाठलं, तेव्हा सीटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त दिसलं. क्षणात शिगेला पोचणारी, जन्मात कधी झाली नाही अशी डोकेदुखी हे नस फुटल्याचं लक्षण असू शकतं. फुटलेली जागा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वांत जास्त. नेमके तेच तास आमचे घरी गेले.

कलमांना पाणी घालायची रबरी नळी जुनी झाली की एका जागी फुगते, तसंच हे. मेंदूच्या तळाशी धमन्यांना फाटे फुटतात, तिथे भिंत कमजोर होऊन फुगा येतो. त्याला ॲन्युरिझम म्हणतात. उपचार कोणताही असो, फुग्यात रक्त शिरू द्यायचं नाही आणि मूळ नस वाहती ठेवायची.

१९३७ साली मेंदूचे सर्जन वॉल्टर डँडी यांनी अमेरिकेत बाल्टिमोरला फुग्याच्या मानेवर, म्हणजे तो नसेला जोडलेला असतो त्या जागी, चांदीची क्लिप बसवली. आज कवटी उघडून मायक्रोस्कोपखाली बसवतात ती बहुधा टायटॅनियमची असते. १९९० पासून दुसरी वाट निघाली: जांघेतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत न्यायची आणि प्लॅटिनमची केसासारखी तार वेटोळी करून फुग्यात भरायची; हीच कॉइल. आत रक्त गोठतं, फुगा बंद होतो. ज्यांना दोन्ही उपाय चालण्यासारखे होते अशा २,१४३ रुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये आला. वर्षभरानंतर मृत्यू किंवा परावलंबित्व क्लिपवाल्यांत शंभरात सुमारे ३१, कॉइलवाल्यांत २४. पण कॉइल कधी कधी दबते, म्हणून पुढेही तपासणी चुकवायची नाही. फुग्याची मान रुंद असेल तर नसेतच दाट जाळी बसवतात. तिला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या लागतात, म्हणून नुकत्या फुटलेल्या फुग्यात ती शक्यतो टाळतात.

शंभरातल्या साधारण तीन प्रौढांच्या डोक्यात न फुटलेला फुगा असतो आणि बहुतेकांचा कधीच फुटत नाही. तो लहान असेल तर विडी-सिगारेट सोडून, रक्तदाब आटोक्यात ठेवून नुसतं लक्ष ठेवणं हाही खराखुरा उपचार आहे.

आत्याला कॉइल घातली. तरी डॉक्टर निर्धास्त नव्हते, कारण चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत मेंदूच्या नसा आकसू शकतात. त्यासाठी निमोडिपिनच्या गोळ्या, २१ दिवस, दर चार तासांनी. घरी आल्यावर शेवटचे काही दिवस तिचा मुलगा पहाटे चारचा गजर लावून उठायचा आणि कंदिलाएवढ्या उजेडात तिला गोळी द्यायचा.