मर्केल सेल कार्सिनोमा : एका दुर्मीळ त्वचाकर्करोगाची दीडशे वर्षांची पार्श्वभूमी

पापणीवर, गालावर, मानेवर किंवा हातावर आलेली लालसर-जांभळट, गुळगुळीत, टणक गाठ. दुखत नाही, खाजत नाही, बहुतेकदा रक्तही येत नाही. रुग्ण सत्तरीच्या पुढचा, त्यामुळे 'या वयात असं काही ना काही येतंच' म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. पण काही आठवड्यांतच ती डोळ्यांत भरण्याइतकी वाढते, आणि तोवर कर्करोग जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचलेला असू शकतो. 2008 साली 195 रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. निम्म्याहून अधिक गाठी बायोप्सीच्या वेळी डॉक्टरांनाही साध्याच वाटल्या होत्या, आणि सर्वाधिक वेळा अंदाज होता तो सिस्टचा. या आजाराबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती हीच : न दुखता झपाट्याने वाढणारी गाठ जास्त संशयास्पद असते.

आजाराच्या नावातले मर्केल कर्करोगतज्ज्ञ नव्हते. फ्रीडरिश मर्केल हे जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ. पाळीव प्राण्यांच्या आणि माणसाच्या त्वचेत मज्जातंतूंच्या टोकांना चिकटून बसलेल्या पेशी त्यांनी पाहिल्या आणि 1875 साली त्यांचं वर्णन केलं. या पेशी स्पर्श टिपत असाव्यात, असा त्यांचा कयास होता. तो पक्का सिद्ध व्हायला 2014 उजाडलं. मर्केल पेशींमधलं पीझो-2 हे प्रथिन हलका दाब ओळखतं, हे तेव्हा प्रयोगांतून दिसलं. ज्या संशोधनातून पीझो प्रथिनं सापडली, त्यासाठी आर्डेम पाटापूटियन यांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं.

कर्करोगाची नोंद झाली ती मर्केल यांच्यानंतर जवळजवळ शतकाने. 1972 साली सिरिल टोकर या विकृतिशास्त्रज्ञांनी पाच रुग्णांच्या त्वचेतल्या गाठींचं वर्णन प्रसिद्ध केलं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दोऱ्यांसारख्या रांगांमध्ये मांडलेल्या दिसत होत्या, म्हणून त्यांनी 'ट्रॅबेक्युलर कार्सिनोमा' असं नाव दिलं. उगम घामाच्या ग्रंथींत असावा, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं. पुढे 1978 मध्ये टोकर आणि त्यांचे सहकारी टँग यांनी याच प्रकारच्या गाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, तेव्हा पेशींमध्ये गडद गाभ्याचे बारीक कण दिसले. मर्केल पेशींतही असेच कण असतात. या साम्यामुळे 1980 पासून 'मर्केल सेल कार्सिनोमा' हे नाव आलं आणि तेच रूढ झालं. मात्र प्रौढ माणसातल्या मर्केल पेशी विभाजित होत नाहीत, आणि ही गाठ वाढते त्वचेच्या आतल्या थरात. मग तिची मूळ पेशी कोणती, यावर संशोधकांचं आजही एकमत नाही.

निदानातली अडचण वेगळीच होती. लहान, गोल, गडद निळ्या दिसणाऱ्या पेशींच्या गाठी अनेक प्रकारच्या असतात. फुप्फुसाचा स्मॉल सेल कर्करोग त्वचेत पसरला तरी चित्र जवळपास असंच दिसतं. 1990च्या दशकात सायटोकेराटिन-20 या प्रथिनाच्या रंगचाचणीने हा गुंता बराच सोडवला. मर्केल सेल कार्सिनोमामध्ये हा रंग केंद्रकाशेजारी एका ठिपक्यासारखा उमटतो. ज्याने तो ठिपका एकदा पाहिला, तो सहसा विसरत नाही.

पण या इतिहासातला खरा धागा मला दिसतो तो प्रतिकारशक्तीचा. अवयवरोपण झालेल्यांना आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. 1999 साली अशा रुग्णांपैकी मर्केल सेल कार्सिनोमा झालेल्या 41 जणांची माहिती एकत्र छापून आली. म्हातारपणीच्या या आजाराचे त्यातले जवळजवळ निम्मे रुग्ण पन्नाशीच्या आतले होते. मग 2002 मध्ये अमेरिकेतल्या तीन लाखांहून अधिक एड्सग्रस्तांच्या नोंदी कर्करोगाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या गेल्या. हा आजार त्यांच्यात सापडला अवघ्या सहा जणांना. सहा हा आकडा किरकोळ वाटतो, पण सर्वसामान्यांच्या तुलनेत ते प्रमाण सुमारे 13 पट भरत होतं.

युआन चँग आणि पॅट्रिक मूर या दांपत्याला त्या सहाचा अर्थ लगेच कळण्यासारखा होता. एड्सग्रस्तांमध्ये वाढणाऱ्या कापोसी सार्कोमामागचा विषाणू 1994 साली त्यांनीच शोधला होता. प्रतिकारशक्ती खचली की जो कर्करोग डोकं वर काढतो, त्याच्या मुळाशी संसर्ग असू शकतो, हा तर्क त्यांच्या ओळखीचा होता. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत त्यांनी हुइचेन फेंग आणि मसाहिरो शुडा यांच्यासह चार गाठींमधले सुमारे चार लाख जनुकीय तुकडे वाचून काढले. त्यातून मानवी जनुकांशी जुळणारे सगळे तुकडे संगणकाने वजा केले. धान्य पाखडून खडा हाती यावा तसं झालं : उरलेल्यांत एक तुकडा पॉलिओमा कुळातल्या विषाणूंशी साधर्म्य दाखवणारा निघाला. जानेवारी 2008 मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. तपासलेल्या दहापैकी आठ गाठींमध्ये नवा विषाणू होता, आणि त्यातल्या सहांत तो पेशीच्या डीएनएमध्ये अशा रीतीने शिरलेला होता की गाठ वाढण्याआधीच त्याने तिथे ठाण मांडलं होतं, हे स्पष्ट व्हावं. प्राण्यांमध्ये गाठी करणारे पॉलिओमा विषाणू 1950च्या दशकापासून माहीत होते. माणसाच्या कर्करोगाशी या कुळाचा इतका भक्कम संबंध जुळला तो इथेच.

इथे घाबरून जाण्याचं कारण नाही. हा विषाणू बहुतेक प्रौढांच्या त्वचेवर असतो. तो लहानपणीच येतो आणि काही त्रास देत नाही. कर्करोग होण्यासाठी त्याचा डीएनए पेशीच्या डीएनएत घुसावा लागतो, त्याचं एक प्रथिन विशिष्ट जागी तुटावं लागतं आणि शरीराच्या पहाऱ्यातून ती पेशी निसटावी लागते. इतके योग क्वचितच जुळतात. शिवाय सगळ्याच गाठींमागे हा विषाणू नसतो. उत्तर अमेरिका आणि युरोपात सुमारे 80 टक्के गाठींत तो सापडतो. प्रखर उन्हाच्या ऑस्ट्रेलियात हे प्रमाण बरंच कमी आहे, तर आजाराचं प्रमाण जगात सर्वाधिक गणलं जातं. विषाणू नसलेल्या गाठींच्या डीएनएत अतिनील किरणांनी केलेली नासधूस ठायीठायी दिसते, विषाणू असलेल्यांत ती जवळपास नसते. वाटा दोन, गाठ मात्र एकसारखीच.

उपचारांचा इतिहास बराच काळ निराशेचा होता. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन यांचा उपयोग होई, आजही होतो. पण आजार शरीरभर पसरला की केमोथेरपीने गाठी पटकन विरघळत आणि काही महिन्यांतच परत येत. जॅझ संगीतकार जो झाविनुल 2007 च्या सप्टेंबरमध्ये याच आजाराने गेले, विषाणूचा शोध प्रसिद्ध होण्याच्या चार महिने आधी. त्या काळात वैद्यांच्या हाती फारसं काही नव्हतं.

चित्र बदललं ते 2016 मध्ये. कर्करोगाच्या पेशी प्रतिकारपेशींना थोपवून धरतात, ती अडवणूक मोडणाऱ्या औषधांचे निष्कर्ष त्या वर्षी आले. पेम्ब्रोलिझुमॅब पहिलाच उपचार म्हणून दिलेल्या 26 जणांच्या छोट्या चाचणीत निम्म्याहून अधिक रुग्णांच्या गाठी आटल्या. केमोथेरपीनंतरही आजार वाढलेल्या 88 जणांना अव्हेल्युमॅब दिलं गेलं, त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांशांना गुण आला, आणि अनेकांमध्ये तो टिकला. मार्च 2017 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने अव्हेल्युमॅबला मंजुरी दिली. पसरलेल्या मर्केल सेल कार्सिनोमासाठी अधिकृत मान्यता मिळालेलं ते पहिलं औषध. विशेष म्हणजे विषाणूवाल्या आणि उन्हाने बिघडलेल्या, दोन्ही प्रकारच्या गाठींवर ही औषधं लागू पडतात. विषाणूची प्रथिनं असोत की हजारो बिघडलेली जनुकं, प्रतिकारपेशींना दोन्ही परकीच वाटतात.

तरीही गायक जिमी बफे 2023 साली, चार वर्षांच्या झुंजीनंतर, 76 व्या वर्षी याच आजाराने गेले. उपचारानंतर जवळपास 40 टक्के रुग्णांत पाच वर्षांच्या आत आजार उलटतो, बहुतेक वेळा पहिल्या तीन वर्षांत, म्हणून त्या काळातल्या तपासण्या चुकवू नयेत असं डॉक्टर बजावतात. आणि ज्यांच्यामुळे हा धागा हाती आला, त्या अवयवरोपणाच्या रुग्णांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. प्रतिकारशक्ती मोकळी करणारं औषध त्यांना दिलं, तर तीच प्रतिकारशक्ती रोपण केलेल्या मूत्रपिंडावर किंवा यकृतावर उलटू शकते. त्यामुळे या औषधांच्या मुख्य चाचण्यांतून असे रुग्ण वगळले गेले, आणि त्यांच्याबाबतचा निर्णय अजूनही एकेका रुग्णापुरता, डॉक्टर आणि कुटुंब यांनी मिळून घ्यावा लागतो.