आपत्कालीन बालसंगोपन

आपत्कालीन बालसंगोपन : पूर, भूकंप, दुष्काळ, रोगाची साथ किंवा दरड कोसळणे अशा प्रसंगी मुलांचे अन्न, आरोग्य, सुरक्षितता व मनःस्वास्थ्य सांभाळण्याची व्यवस्था. राज्य शासनाची ‘बालसंगोपन योजना’ मुलाला संस्थेऐवजी कुटुंबात वाढवण्यासाठी दरमहा साहाय्य देते. प्रस्तुत नोंदीत मात्र आपत्तीच्या पहिल्या तासांपासूनच्या काळजीचा विचार केला आहे.

पुणे परिसरातील या कार्याचा आरंभ सामान्यतः १८७६–७८ च्या दुष्काळापर्यंत नेला जातो. सत्यशोधक समाजाच्या वतीने जोतीराव फुले यांनी १८७७ च्या सुमारास धनकवडी येथे ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ चालवला. त्याच्या नावातील ‘आश्रम’ या शब्दामुळे तो अनाथ मुलांच्या निवासाची संस्था होता, असा समज रूढ झाला आहे. तथापि, दुष्काळात गाव सोडून निघालेल्या कुटुंबांतील उपाशी मुलांना जेवू घालणे हे त्याचे मुख्य काम असावे आणि त्यांपैकी अनेकांचे आईबाप हयात असावेत, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. समाजाच्या अशा अन्नछत्रांची संख्या ५२ होती, असे उत्तरकालीन चरित्रपर लेखनात वारंवार आढळते. हा आकडा जपूनच स्वीकारावा लागतो. ‘आश्रम’ की अन्नछत्र, हा वाद केवळ शब्दाचा नाही. भुकेलेले मूल आईजवळ ठेवून त्याला जेवू घालायचे, की त्याला दूर नेऊन वाढवायचे, हा या विषयातला मूळ प्रश्न त्यात आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी मुलाला उपचारासाठी उचलून नेताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली व १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास पंडिता रमाबाई यांनी मध्य प्रांतातील दुष्काळग्रस्त मुली व तरुण विधवा आणून पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांची सोय केली. हा निःसंशय निवासी प्रयोग होता.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत व पाठोपाठ खडकवासला धरण फुटल्यानंतर पूरग्रस्त कुटुंबे गोखलेनगरसारख्या नव्या वसाहतींत गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्यात आणली. वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र त्यातून उभे राहिले.

तान्ह्या बाळासाठी आईचे दूध हाच सर्वांत सुरक्षित आहार ठरतो, कारण दूषित पाण्यात कालवलेली दुधाची भुकटी व न उकळलेली बाटली यांमुळे जुलाब होतात. मदतसामग्रीत डबाबंद शिशुदूध वाटण्याची प्रथा म्हणूनच घातक आहे आणि १९९२ च्या कायद्याने अशा दानावर, अनाथालयांचा अपवाद वगळता, बंदी आहे. आई घाबरली की दूध आटते, ही समजूत खरी नाही. ताणामुळे पान्हा काही काळ उशिरा फुटतो, पण बाळाला वरचेवर पाजत राहिल्यास दूध येत राहते. ३० जुलै २०१४ रोजी माळीण (ता. आंबेगाव) येथील दरडीच्या ढिगाऱ्यातून तीन महिन्यांचे बाळ आणि त्याची आई जिवंत निघाली, बाळाच्या रडण्यामुळे बचावपथकाचे लक्ष तिकडे गेले, असे त्या वेळच्या वृत्तांत म्हटले आहे. छावणीत आईला आडोसा, पिण्याचे पाणी आणि पोटभर जेवण मिळणे हीच बाळाची पहिली शुश्रूषा होय. मुलाला जुलाब झाल्यास क्षारसंजीवनी (ओआरएस) द्यावी. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे आणि चव पाहावी. ते अश्रूंहून खारट लागले, तर टाकून देऊन नव्याने करावे. दाटीच्या छावणीत गोवर झपाट्याने पसरत असल्याने सहा महिन्यांपुढील मुलांच्या लसीकरणाला अग्रक्रम दिला जातो.

मोठी मुले तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, अंथरूण ओले करतात, अंगठा चोखू लागतात. हा हट्ट नसून भीती असते आणि त्यावर रागावणे क्रूरपणाचे आहे. जेवण, खेळ व झोप यांच्या ठरलेल्या वेळा आणि ओळखीचे माणूस यांनी ती ओसरते.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातील आंबिल ओढ्याला आलेल्या पुरासारख्या प्रसंगी, अंधारात, कडेवरच्या मुलाचा हात सुटण्यास क्षण पुरतो. मुलाच्या सदऱ्याच्या आतल्या बाजूस पालकांचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवणे हा साधा उपाय येथे कामी येतो. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार नैसर्गिक आपत्तीने बाधित मूल ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले’ मानले जाते. एकटे सापडलेले मूल, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे आणावे लागते. १०९८ या बालमदत दूरध्वनी क्रमांकावरही कळवता येते. अशा मुलाला परस्पर दत्तक देता येत नाही. आधी त्याच्या नातलगांचा शोध घ्यावा लागतो आणि संस्थेतील निवास हा शेवटचा पर्याय ठरतो.