सर्कलिपची पक्कड: सगळा खेळ दोन टोकांचा

जीपच्या प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या) सांध्यातला क्रॉस, डिस्क ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमधला, म्हणजे ब्रेकचं तेल दाबणाऱ्या नळीतला पिस्टन, मोटरसायकलच्या किक शाफ्टवरचा गिअर. हे सगळं आपापल्या जागी धरून ठेवायला बऱ्याचदा ना नट असतो ना बोल्ट. असते ती तोंड उघडी राहिलेल्या बांगडीसारखी एक पातळ कडी, म्हणजे सर्कलिप. गॅरेजात तिला नुसतं ‘लॉक’ म्हणतात. उघड्या तोंडाशी तिला दोन कान असतात, कानांना बारीक भोकं, आणि त्या भोकांत टोकं घालून कडी फाकवणारी किंवा दाबणारी पक्कड वेगळी मिळते. घरी गाडीची कामं करणारे बहुतेक जण ही पक्कड सगळ्यात शेवटी घेतात, आणि तीही स्वस्तातली पाहून.

आधी ती कडी काय करते ते आकड्यांत पाहू. २० मिलिमीटरचा शाफ्ट घ्या. त्यावरची खोबण फक्त अर्धा मिलिमीटर खोल असते, म्हणजे खोबणीच्या तळाशी शाफ्टचा व्यास १९. कडीची जाडी १.२ मिलिमीटर, आणि मोकळी असताना तिचा आतला व्यास १८.५. म्हणून खोबणीत बसल्यावरही ती थोडी ताणलेलीच राहते आणि शाफ्टला आवळून धरते. एवढ्याशा खोबणीवर, अगदी मऊ पोलादाचा शाफ्ट असला तरी, सुमारे ५ किलोन्यूटन म्हणजे अर्ध्या टनाचा रेटा चालतो. रेटा त्याहून फार वाढला तर आधी खोबणीची कड चेपते. कडी त्यानंतरही बराच वेळ टिकते.

ही कडी काढायची तर ती २० मिलिमीटरच्या शाफ्टवरून सरकली पाहिजे. मोकळ्या कडीच्या १८.५ च्या मानाने व्यास दीड मिलिमीटरने वाढवायचा, म्हणजे कानांमधली फट जवळपास पावणेपाच मिलिमीटरने रुंद करायची. स्प्रिंगच्या पोलादाला एवढा ताण झेपतो, पण पुढे फारशी सवलत नसते. आणखी फाकवली की पोलाद मूळ आकाराला परत येत नाही. कडी कायमची सैल होते. बसवताना ती ‘टक्’ आवाज करून बसतेही, पण शाफ्टला आवळत नाही, आणि गाडी चालताना कधीतरी खोबणीतून बाहेर येते. काही चांगल्या पक्कडींना दांड्यांमध्ये एक स्क्रू असतो, पक्कड किती दाबली जावी याची मर्यादा घालणारा. मला ही सोय मुठीवरच्या मऊ रबरापेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

सर्कलिप नीट निरखली तर दिसेल की ती सगळीकडे सारख्या रुंदीची नाही. फटीच्या बरोब्बर समोर ती सगळ्यात रुंद असते आणि कानांकडे येताना निमुळती होत जाते. कान फाकवले की कडीला वाकवणारा जोर फटीच्या समोरच्या भागावर सर्वांत जास्त पडतो आणि कानांजवळ जवळजवळ शून्यावर येतो. रुंदी सारखी असती तर कडी मागच्या बाजूलाच जास्त वाकली असती आणि लांबट झाली असती. जिथे जोर जास्त तिथे धातू जास्त, अशी वाटणी केल्यामुळे ती उघडतानाही जवळपास गोल राहते आणि खोबणीला सगळीकडून टेकते. मला तर यंत्रातल्या सगळ्यात देखण्या वस्तूंपैकी ही एक वाटते, पण ते असो.

आता पक्कड. शाफ्टवरची कडी फाकवावी लागते, तेव्हा दांडे दाबले की टोकं उघडणारी पक्कड हवी. भोकाच्या आत बसलेली कडी दाबून लहान करावी लागते, तिथे दांडे दाबले की टोकं मिटणारी. ही दोन कामं वेगळी आहेत. जर्मन बनावटीच्या पक्कडींत पहिल्या जातीला ए आणि दुसरीला जे अशी अक्षरं असतात, पुढे मापाचा आकडा. साधारण १० ते २५ मिलिमीटरच्या शाफ्टसाठी ए १, टोकं १.३ मिलिमीटरची. १९ ते ६० साठी ए २, टोकं १.८ ची. आतल्या कड्यांसाठी जे १ आणि जे २ ची मापं जवळपास तीच.

म्हणजे आपल्या २० मिलिमीटरच्या कडीला दोन्ही चालतील, कारण तिच्या कानांतली भोकं २ मिलिमीटरची. मग कोणती घ्यावी? इथे घनाचा हिशेब कामी येतो. गोल सळईची वाकण्याला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १.३ वरून १.८ ला गेलात की टोक अडीच पटीहून जास्त मजबूत होतं. दुप्पट जाड टोक आठपट. भोकात जाईल तेवढं जाड टोक वापरा, हा एकच नियम पाळला तरी निम्म्या कटकटी टळतात. भोकात हलणारं बारीक टोक वाकतं, घसरतं, आणि कडी गॅरेजच्या कुठल्या कोपऱ्यात गेली ते देवच जाणे.

बाजारात एक दांडा आणि चार बदलती डोकी असा संच मिळतो, आणि नवख्याला तो फायद्याचा वाटतो. माझं मत त्याच्या विरुद्ध आहे. बदलत्या डोक्यांमुळे सांध्यात ढिलाई असते, आणि टोकांवर जोर आला की ती एकमेकांपासून वर-खाली सरकतात. मग कडी सपाट न राहता पिळवटते आणि उडते. त्याच पैशांत एकेक साधी, स्थिर टोकांची पक्कड घ्यावी. नाशिकच्या टपारियासारख्या कंपन्या त्या बनवतात. दुकानातच दांडे दाबून, टोकं उजेडात धरून पाहावं: दोन्ही एका पातळीत चालतात का, सांधा डगडगतो का. नव्वद अंशात वाकलेली टोकं दिसायला सोयीची, पण त्यांच्यामुळे पीळ वाढतो. सरळ पक्कड पोचतच नसेल तरच ती घ्यावी.

मोटरसायकलवाल्यांना बहुधा आधी जे १ लागेल, आणि तीही लांब, सडपातळ नाकाची. मास्टर सिलिंडरमधली कडी रबरी टोपीखाली खोलवर असते. रुंद जबड्याची पक्कड तिथे नीट पोचत नाही. जीप किंवा जुनी कार असेल तर जे २ आणि ए २ पासून सुरुवात करावी.

कडी काढताना डोळ्यांवर गॉगल आणि वरून एक फडकं. बसवताना कडीच्या दोन्ही बाजूंवरून नख फिरवून पाहा: ठशाने कापलेली असल्यामुळे एका बाजूची कड गोलसर, दुसऱ्या बाजूची धारदार लागते. धारदार बाजू धरलेल्या भागापासून दूर, रेटा झेलणाऱ्या खोबणीच्या भिंतीकडे ठेवावी आणि गोलसर बाजू आत धरलेल्या भागाकडे. शेवटी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने कडी खोबणीत हलकेच फिरवून पाहावी. न अडकता फिरली तर ती सगळीकडे नीट बसली आहे. पिस्टन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) टोकांना तारेच्या क्लिपा असतात, त्यांना बऱ्याचदा कानच नसतात. तिथे ही पक्कड चालत नाही, बारीक नोज प्लायर लागतो, आणि काढलेली क्लिप परत न वापरता नवी टाकायची.