गर्भजलातील एन्झाइम तपासणी: पात्रता, कागदपत्रे आणि वेळेचे गणित

पहिल्या मुलाला टे-सॅक्स, पॉम्पे किंवा हर्लरसारखा एन्झाइमच्या (शरीरातली रासायनिक कामे घडवणाऱ्या प्रथिनाच्या) कमतरतेचा आनुवंशिक आजार असेल, तर त्याच आई-वडिलांच्या पुढच्या प्रत्येक बाळाला तो होण्याची शक्यता २५ टक्के असते. गर्भजलातल्या बाळाच्या पेशींमध्ये ते एन्झाइम मोजले की निदान जन्माआधी होते. मात्र कोणते एन्झाइम मोजायचे, हे आधी ठरलेले लागते. म्हणून सर्वांत मोलाचा कागद म्हणजे आजारी मुलाचा एन्झाइमचा किंवा जनुकीय दोषाचा अहवाल. मूल अत्यवस्थ असेल, तर वाट न पाहता त्याचे रक्त ईडीटीए नळीत (रक्त गोठू न देणाऱ्या नळीत) घेऊन डीएनए साठवून ठेवायला सांगा. ते राहून गेले, तर पुढे नेमकी तपासणी ठरवणे फार अवघड होते.

या तपासणीची पात्रता पीसीपीएनडीटी कायदा, १९९४ (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा) च्या कलम ४ मध्ये आहे. आईचे वय ३५ च्या वर, दोन किंवा अधिक आपोआप झालेले गर्भपात, गर्भाला घातक औषध, किरणोत्सर्ग, जंतुसंसर्ग किंवा रसायनाशी संपर्क, अथवा पती-पत्नीपैकी कोणाच्या घराण्यात मतिमंदत्व, शारीरिक व्यंग किंवा आनुवंशिक आजार, यांपैकी एक कारण पुरते. एन्झाइमच्या आजारांत बहुधा शेवटचेच कारण लागू होते.

तपासणी केंद्रात जाताना सोबत ओळखपत्र, डॉक्टरांची शिफारस चिठ्ठी, आतापर्यंतचे सोनोग्राफी अहवाल, रक्तगट आणि एचआयव्ही व कावीळ-बीचे अहवाल न्या. केंद्राचे फॉर्म बी नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असते, ते पाहून घ्या. तिथे तपासणीची नोंद म्हणून फॉर्म एफ भरला जातो आणि फॉर्म जी वर गर्भवतीची लेखी संमती घेतली जाते. संमतीपत्र तिला समजणाऱ्या भाषेत हवे आणि त्याची प्रत तिला मिळालीच पाहिजे, मागून घ्या.

आता वेळ. गर्भजल १५ आठवडे पूर्ण झाल्यावर, शक्यतो १६ ते १८ आठवड्यांत काढतात. सोनोग्राफीखाली बारीक सुईने १५ ते २० मिली घेतात. पहिले १ ते २ मिली टाकून देतात, कारण त्यात आईच्या पेशी येऊ शकतात आणि त्यांच्यातले एन्झाइम मोजले जाऊन बाधित बाळही चुकून निरोगी ठरू शकते. हीच शंका दूर करण्यासाठी आईचे रक्तही सोबत पाठवतात. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल, तर अँटी-डी इंजेक्शन (पुढे बाळाच्या रक्ताला त्रास होऊ नये म्हणून दिले जाणारे) चुकवू नका.

नमुना गोठवायचा नाही. साध्या तापमानात आणि लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवायचा. शनिवारी काढलेला नमुना सोमवारपर्यंत पडून राहतो, म्हणून आठवड्याच्या सुरुवातीचा दिवस मागा. एन्झाइम मोजण्याइतक्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायला दोन ते तीन आठवडे लागतात. वाढ झाली नाही, तर पुन्हा सुई घालावी लागते. आय-सेल या एन्झाइमच्याच आजारात मात्र पेशींऐवजी गर्भजलातच अनेक एन्झाइम्स फार वाढलेली दिसतात. पॉम्पेमध्ये उलट आहे: गर्भजलातच त्याच प्रकारचे काम करणारे दुसरे एन्झाइम असते, म्हणून नुसत्या गर्भजलावर विसंबून चालत नाही, पेशीच लागतात. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना कळवलेत, तर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा अंश तपासून अहवाल खूप आधी मिळतो. आमच्या मते तोच मार्ग आधी विचारावा.

आई-वडिलांची एन्झाइम पातळीही आधी मोजून घ्या. काही निरोगी माणसांत अरिलसल्फटेज ए किंवा हेक्सोसामिनिडेज ए (टे-सॅक्समध्ये कमी असणारे) ही एन्झाइम्स चाचणीत कमी दिसतात. हे माहीत नसेल, तर निरोगी बाळावर आजाराचा शिक्का बसू शकतो.

अहवालात बाळ बाधित आहे की नाही एवढेच असते. हंटरसारख्या, बहुतेक मुलग्यांनाच होणाऱ्या आजारात प्रयोगशाळेला लिंग पाहावे लागले तरी ते कुटुंबाला सांगता येत नाही. विचारूही नका, तो गुन्हा आहे.

बाळ गंभीर बाधित ठरले आणि गर्भपाताचा निर्णय झाला, तर २० आठवड्यांपर्यंत एका आणि २४ पर्यंत दोन डॉक्टरांचे मत लागते. त्यापुढे वैद्यकीय मंडळाकडे अर्ज करायचा. मंडळाने ३ दिवसांत मत द्यायचे असते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती यासाठी पुरेशी आहे, नवऱ्याची किंवा सासरच्यांची सही कायद्याने लागत नाही.